मासाळ सरांचं बोलणं

मासाळ सरांनी वर्गात कधी हजेरी घेतली नाही. दारात उभं राहून पोरांवरून एकदा नजर फिरवायची आणि म्हणायचं, "तीन कमी हायत. कदम, शिंदे आन् तो मागचा मिशीवाला." मग फळ्याकडे वळायचं. मिशीवाल्याचं नाव त्यांना वर्ष संपेपर्यंत ठाऊक नसे, पण तो आला नाही हे त्यांच्या नजरेतून कधी सुटत नसे.

मी सांगलीच्या पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला लागले, तेव्हा सर तिथे सिव्हिलच्या मुलांना सर्व्हे शिकवत होते. मी नवी, वयानं लहान, आणि साऱ्या स्टाफरूममध्ये एकटी बाई. बाकीचे लोक माझ्याशी फार जपून बोलत. सर सरळ बोलत. एकदा मी त्यांना विचारलं, "सर, एवढी साठ डोकी तुम्ही मोजता कधी?"

"मोजत न्हाई, बाई. मेंढरं मोजायला गेलं की चूक होती. कळप बघायचा. एखादं नसलं की कळपात भोक दिसतं."

सरांचं गाव जतच्या पलीकडे, पार कर्नाटकाच्या हद्दीला लागून. घराणं मेंढपाळांचं. वडील आठ महिने कळपामागे हिंडायचे, सहा-सात वर्षांचे होईपर्यंत सरही हिंडले. मग कुणा मास्तरनं धरून शाळेत बसवलं. रागावले की ते अजून कानडीत रागावत, आणि पोरांना अर्थ कळत नसल्यामुळे तो राग फार परिणामकारक होई.

एका वर्षी सर्व्हे कॅम्पला मुली होत्या, म्हणून सोबतीला मलाही पाठवलं. उंब्रजजवळ आठ दिवस मुक्काम होता. दिवसभर पोरं दुर्बीण आणि पट्ट्या घेऊन बांधाबांधानं उंच-सखल मोजत फिरायची. फिरून निघाल्या जागी परत आलं की सुरुवातीची आणि शेवटची उंची जुळवून बघायची. थोडा फरक पडतोच. एका गटाचा फरक निघाला शून्य. पोरं खुशीत वही घेऊन आली. सरांनी वही बघितली, पोरांच्या चपला बघितल्या.

"कुठल्या झाडाखाली बसून लिवलं?"

पोरांनी चपला मागे ओढल्या.

"आरं, इतकं तंतोतंत माझ्या बायकूचं आन् माझं बी जमत न्हाई. चला, उठा."

आणि त्या चौघांबरोबर, भर दुपारी, सर स्वतः तो सगळा फेर चालले. संध्याकाळी फरक निघाला तळहाताएवढा. सरांनी वहीवर सही केली आणि म्हणाले, "ही खरी जमीन."

त्या कॅम्पात त्यांचा एकच कायदा होता. जेवायच्या आधी दिवसभराच्या वहीची दुसरी प्रत उतरून काढायची. नाही काढली तर जेवण नाही. "वही वाऱ्यानं जाती, पाण्यात पडती. माझी पयली वही शेरडानं खाल्ली." त्या आठ दिवसांत मीही माझा खर्चाचा कागद दोनदा उतरवला, कारण सर माझ्या ताटाकडेसुद्धा बघत.

त्यांच्या पत्नी हौसाबाई माधवनगरला, गिरणीच्या मागच्या अंगाला, दोन खोल्यांच्या घरात राहत. म्हणजे सरही राहत, पण घर हौसाबाईंचं होतं. एकुलती मुलगी लग्न होऊन विजापूरला गेलेली. हौसाबाईंना अक्षरओळख नव्हती. सरांनी लग्नानंतर वीस वर्षं पाटी घेऊन प्रयत्न केला. त्या म्हणायच्या, "दोघंबी शाणी झाल्याव घरात ऐकायचं कुणी?" सर हे आम्हाला हसत सांगत. पण त्यांना स्वतःला ते लागलेलं होतं, हे मला पुढे कळलं.

पंच्याण्णवच्या सुमारास सरांच्या हातातून खडू पडू लागला. मग सपाट व्हरांड्यात ते अडखळू लागले. मग शब्द जड झाले, जिभेवर काहीतरी ठेवून बोलल्यासारखे. कॉलेजात कुजबुज सुरू झाली की मासाळ दुपारचे घेतात. कुजबुज प्राचार्यांपर्यंत गेली आणि त्यांनी सरांना बोलावलं. मी काही कामासाठी तिथेच उभी होते. प्राचार्य आडवळणानं बोलत होते. सर ऐकत राहिले, मग टेबलावर दोन्ही हात टेकून पुढे वाकले आणि त्यांच्या तोंडासमोर तोंड उघडून मोठा श्वास सोडला.

"घ्या वास. काय येतंय?"

प्राचार्यांनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी त्यांनीच सरांना मिरजेच्या डॉक्टरांची चिठ्ठी दिली.

आजार मज्जातंतूंचा होता. स्नायू एकेक करून वाळत जातात, डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतं. औषध नाही. सरांनी डॉक्टरांना विचारलं, "किती?" ते म्हणाले, "दोन वर्षं. तीन." बाहेर बाकावर हौसाबाई बसल्या होत्या. त्यांना सर म्हणाले, "नसांची कमजोरी हाय म्हणं. चल."

वर्षभरात नोकरी सुटली. पाय गेले, डावा हात गेला. बोलणं इतकं पुसट झालं की हौसाबाईंशिवाय ते कुणाला पटकन कळत नसे. अशा वेळी अमेरिकेत गेलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं, त्याच्या ऑफिसनं काढून टाकलेला एक लॅपटॉप कुणाबरोबर तरी पाठवून दिला. विटेएवढा जाड, बॅटरी मेलेली, वायर लावली तरच चालणारा. तो माझ्या हवाली झाला. मी त्यावर एक छोटा प्रोग्राम लिहिला. पडद्यावर चौकटी, एकामागून एक उजळत जायच्या. हव्या त्या चौकटीवर उजेड आला की एक कळ दाबायची. सरांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट अजून चालत होतं. त्या बोटानं ते अक्षर-अक्षर जोडून लिहू शकले असते.

पण हौसाबाईंना वाचता येत नव्हतं. दिवसभर घरात त्याच असायच्या.

तेव्हा आम्ही दुसरं ठरवलं. जेवढा आवाज उरला होता तेवढा त्या लॅपटॉपमध्ये भरून ठेवायचा. काही दुपारी मी सरांसमोर माइक धरून बसत असे. मी यादी केली होती: पाणी, औषध, दुखतंय, कूस बदल. सरांनी ती बोलून टाकली आणि मग स्वतःची यादी काढली. चा फिका झाला. पंखा बंद कर. त्या माणसाला घालव. लबाडा. गप बस. हौसा. हौसा, जेवलीस का? मेंढरं वळवायची हाळीसुद्धा. ती कशाला, विचारलं तर त्यांनी नुसत्या भुवया उडवल्या. मी "धन्यवाद" घ्या म्हटलं, तर मोठ्या कष्टानं म्हणाले, "हौसाला धन्यवाद म्हटलं तर ती डाक्टर बोलवंल."

एकूण दोनशे बारा झाले. पुढच्या दोन महिन्यांत त्यांचा आवाज पूर्ण गेला.

मग घरात ते यंत्र बोलू लागलं. जड, घरघरत्या आवाजात, पण सरांच्याच. एके सकाळी दूधवाला दारात माप भरत होता आणि आतून आवाज आला, "लबाडा!" मासाळांची वाचा गेल्याचं साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. त्याच्या हातून मापच पडलं. हौसाबाई हे सांगताना पदर तोंडाला लावून हसायच्या. "त्या दिवसापास्नं दूध दाट यायला लागलंय, बाई."

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यापर्यंत असं चाललं. लॅपटॉप मात्र कुरकुरू लागला. मधेच अडकायचा, कळ दाबल्यावर शब्द उशिरा यायचा. तोवर हौसाबाई पुन्हा चुलीकडे वळलेल्या असत. कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती आली होती, ती चढवली की वेग येईल असं मला वाटलं. लॅपटॉपला फक्त फ्लॉपी चालायची. आवाजांची दुसरी प्रत काढायची म्हणून मी दोन डबे कोऱ्या फ्लॉप्या आणून ठेवल्या होत्या. प्रत काढायची राहून गेली होती. हा रविवार, तो रविवार. त्याच फ्लॉप्यांवर मी नवी आवृत्ती भरली आणि माधवनगरला गेले. उंब्रजला जो कायदा मी आठ दिवस पाळला होता, तो मला त्या दिवशी आठवलासुद्धा नाही.

सकाळची वेळ होती. सर खाटेवर उशांना टेकून बघत होते. एकेक फ्लॉपी आत जात होती, पडद्यावरची निळी पट्टी पुढे सरकत होती. अर्ध्याहून पुढे गेल्यावर एक फ्लॉपी वाचता येईना. यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. मी केला. काढली, पुसली, घातली. दहा वेळा, वीस वेळा. शेवटी मी थांबवलं, बंद केलं आणि पुन्हा चालू केलं.

काळा पडदा. त्यावर इंग्रजीत एकच पांढरी ओळ: चालू करण्यासारखं काही सापडत नाही.

मी बंद केलं, चालू केलं. तीच ओळ. सोबत आणलेल्या दुसऱ्या फ्लॉपीवरून सुरू करून बघितलं. यंत्र जागं झालं, पण आतली डिस्क त्याला दिसतच नव्हती. सरांकडे बघायचं धाडस होईना. हौसाबाई भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन दारात आल्या.

"झालं का चांगलं?"

"थोडं अडलंय," मी म्हटलं.

सर ती ओळ वाचत होते. त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

सांगलीतल्या दुकानदारानं पाच मिनिटांत निदान केलं. "सगळं पुसून परत भरतो, मॅडम. उद्या घेऊन जावा."

"आतलं?"

"आतलं ऱ्हात न्हाई."

मी लॅपटॉप उचलून परत आले. कॉलेजातलं एखादं मशीन सरांच्या घरी ठेवू द्या म्हणून अर्ज केला. अर्ज वर गेला आणि वरच राहिला. एका पुठ्ठ्यावर मोठी अक्षरं काढून नेली. मी एकेका अक्षरावर बोट ठेवायची, हवं ते अक्षर आलं की सर डोळे वर करायचे, नको असलं की मिटायचे. एक वाक्य व्हायला पाऊण तास. आणि मी गेल्यावर हौसाबाईंसाठी तो नुसता पुठ्ठा.

चौथ्या दिवशी दुपारी कॉलेजच्या फोनवर शेजाऱ्यांचा निरोप आला, जरा येऊन जा. मी गेले तर हौसाबाई खाटेच्या कडेला बसलेल्या, केस सुटलेले. सर घशातून एक बारीक आवाज काढत होते. थांबत होते, पुन्हा काढत होते.

"सकाळधरनं असंच चाललंय, बाई. कायतरी पायजे हाय. पाणी इच्यारलं, न्हाई. कूस बदलली, न्हाई. पाठ खाजवली, उशी काढली, खिडकी उघडली, लावली. पोरीला बोलवू का म्हटलं, न्हाई. देवाचं नाव घ्यू का म्हटलं, तर डोळं असं गच्च मिटलं." त्या सरांकडे वळल्या. "आवं, काय पायजे ते सांगा की वं! मला कसं कळंल?"

मी पुठ्ठा काढला. पहिलं अक्षर मिळालं, क. मग काना. का. पुढच्या अक्षरांवर बोट फिरवलं, पण सरांच्या डोळ्यांतून पाणी गळू लागलं होतं. ते दमले होते. वर बघितलं की पापण्या आपोआप खाली येत होत्या. हो कुठलं, नाही कुठलं, मला ओळखता येईना.

"कान?" मी विचारलं. "कान दुखतोय?"

हौसाबाईंनी कानात बघितलं.

"काठी? काच? कापड? कागद? काकडी?"

"कालवण?" हौसाबाई म्हणाल्या. "काका? काकांची याद आली व्हय?"

आम्ही दोघी त्या खाटेच्या दोन बाजूंना बसून का-ची सगळी बाराखडी पालथी घालत होतो. सर एकदा माझ्याकडे बघत, एकदा हौसाबाईंकडे. ऊन खिडकीतून खाटेवर आलं, खाटेवरून भिंतीवर गेलं. मग त्यांनी डोळे मिटले. नाही म्हणून नव्हे. नुसतेच मिटले, आणि तो आवाजही थांबवला.

हौसाबाई कितीतरी वेळ त्यांचे पाय चेपत बसल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी शिकली आसती तर?"

शिकून मी तरी काय केलं होतं?

कुणीतरी साताऱ्याच्या निकमांचं नाव सांगितलं. सैन्यात वायरलेसवर नोकरी करून आलेले, आता संगणक दुरुस्त करणारे. मी रजा टाकून कऱ्हाडवरून साताऱ्याला गेले. लॅपटॉप पोरासारखा मांडीवर. निकमांचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"ह्याच्यावर परत काय भरलं न्हाई ना?"

"नाही."

"शाबास. तेवढं एक बरोबर केलंत."

लॅपटॉपची डिस्क साध्या मशीनला जोडायला लागणारा तुकडा त्यांच्याकडे नव्हता. तो त्यांनी स्वतः तारा डाखून बनवला. मी पाचव्या दिवशी पुन्हा गेले, तेव्हा डिस्क त्यांच्या मशीनला लटकत होती. "मिळालंय," ते म्हणाले, "पर चुरा झालाय. नावं गेली. नुसते नंबर हायत. कशात काय हाय, ते ऐकूनच वळखा."

मी वही उघडली आणि त्या जिन्याखाली आम्ही एकेक तुकडा ऐकू लागलो. पहिला नुसती खरखर. दुसराही. तिसऱ्याला सरांचा आवाज आला, "पंखा बं", आणि तुटला. मग "लबाडा". मग खरखर. मग "गप बस". निकम आधी हसले. विसाव्या-पंचविसाव्या तुकड्यानंतर त्यांचं हसणं गेलं.

"ह्यो मानूस हयात हाय?"

"आहेत."

"मंग एवढा आटापिटा कशाला? त्यास्नीच परत बोलायला लावा की."

"त्यांना आता बोलता येत नाही."

निकमांनी खुर्ची मागे सरकवली, दुकानाचं दार लोटून घेतलं, रस्त्याचा आवाज बंद केला. "चालू करा," ते म्हणाले. "सगळं ऐकू. घाई न्हाई."

ऐंशीच्या आसपास शब्द धड निघाले. पाणी निघालं, कूस बदल निघालं, हाळी पूर्ण निघाली. "हौसा" कुठेच नव्हतं. "हौसा, जेवलीस का?" मधलं फक्त "का?" उरलं होतं. निकमांनी तो तुकडा चार वेळा उलटसुलट करून बघितला. "न्हाई, मॅडम," ते म्हणाले. "ह्याच्या फुडं माझं बी चालत न्हाई."

निकमांनी डिस्क नव्यानं भरून दिली, मी माझा प्रोग्राम आणि वाचलेले शब्द त्यावर चढवले आणि लॅपटॉप घेऊन माधवनगरला गेले. जोडला, चालू केला, सरांचं बोट कळेवर ठेवून दिलं. काय राहिलं, काय गेलं, ते सांगितलं. मग म्हटलं, "सर, माझी चूक झाली. प्रत काढायला हवी होती."

सरांनी डोळे वर केले. हो.

त्यांनी ते हलकं केलं नाही. जाऊ द्या म्हटलं नाही. मग अक्षरांच्या चौकटींवर बोट चालू लागलं. बराच वेळ लागला. पडद्यावर आलं: चा घ्या.

चहा घेतल्यावर हौसाबाई मला म्हणाल्या, "त्या दिवशी काय पायजे व्हतं, ते इच्यारा की." मी विचारलं. सरांनी हौसाबाईंकडे बघितलं, मग लिहिलं. मी वाचून दाखवलं, "आठवत नाही."

हौसाबाईंनी सुस्कारा सोडला. त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं. पण मासाळ सर काही विसरणारे नव्हते, आणि मी ते हौसाबाईंना बोलून दाखवलं नाही.

हौसाबाईंना हाक मारायला शब्दच उरला नव्हता, म्हणून सर आता मेंढरांची हाळी वाजवत. त्या चुलीपासून ओरडायच्या, "मी काय मेंढरू हाय व्हय?" आणि लगेच यायच्या. हे चाललं चार महिने. मग ते बोटही हलेनासं झालं. मी कळ अंगठ्याला बांधून बघितली, गालाला टेकवून बघितली. जमलं नाही. लॅपटॉप कपाटावर गेला. त्याला काही झालेलं नव्हतं. तो शेवटपर्यंत नीट चालू होत होता.

संक्रांतीनंतर हौसाबाईंनी निरोप धाडला. "गावाकडं जायाचं का म्हणून इच्यारलं, तर दोन डाव वर बघितलं. उद्या निघतोय." पुढे उन्हाळ्यात, सर गेल्याचं कार्ड जतकडून आलं. पण मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या सकाळी.

गल्लीत जीप उभी होती. दोघातिघांनी उचलून सरांना पुढच्या सीटवर ठेवलं. हौसाबाईंनी एक जुनं लुगडं घडी करून त्यांच्या छातीवरून आणि पाठीमागून घेऊन सीटला बांधलं, आणि स्वतः दाराकडच्या उरलेल्या वीतभर जागेत अंग चोरून बसल्या. सरांच्या अंगावर इस्त्रीचा पांढरा सदरा होता. मी खिडकीशी जाऊन "येते हं, सर" असं काहीतरी म्हटलं. जाणारे ते होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. पहिल्याच हिसक्याला सरांची मान पुढे पडली, हनुवटी छातीला टेकली. असेच गेले असते तर जतपर्यंत त्यांना स्वतःच्या गुडघ्यांशिवाय काही दिसलं नसतं.

"थांब रं जरा," हौसाबाई म्हणाल्या.

त्यांनी तळहात सरांच्या हनुवटीखाली घातला, डोकं हळू वर उचललं, काचेतून समोरचा रस्ता दिसेल असं धरलं. कोपर दाराला टेकवलं, नीट रोवलं.

"दिसतंय का?"

मग ड्रायव्हरला म्हणाल्या, "हां. आता चल."

जत तिथून तीन तासांवर. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी बघत होते. तो हात तसाच होता.